इयर टेनच्या आधीची सुट्टी: इंग्लिश लिटरेचरसाठी मुलांनी काय वाचावं?

प्रेषक: मृ. का., रेडिंग
६ जुलै

मंडळी, नमस्कार.

माझी मुलगी सप्टेंबरात इयर टेनमध्ये जाते आहे. जीसीएसईच्या, म्हणजे इंग्लंडमध्ये इयर इलेव्हनच्या शेवटी होणाऱ्या शालान्त परीक्षेच्या, इंग्लिश लिटरेचरला तिला मॅकबेथ, डिकन्सचं अ ख्रिसमस कॅरल, प्रीस्टलीचं ॲन इन्स्पेक्टर कॉल्स आणि शिवाय कवितांचा एक संच आहे. बोर्ड एक्यूए. सुट्टीत काय करायचं, असं शाळेला विचारलं तर 'भरपूर वाचू दे' एवढंच उत्तर आलं. वाचते ती, पण सगळ्या जादूच्या जगातल्या जाडजूड मालिका. परवा मॅकबेथ उघडलं आणि दोन पानांत मिटलं.

मी आणि नवरा दोघंही मराठी माध्यमातले. तो लातूरचा, मी इस्लामपूरची. ऑफिसात दिवसभर इंग्रजीच बोलतो, पण शेक्सपिअर कधी शिकलो नाही. गणिताला आम्ही तिच्याबरोबर बसतो. या एका विषयाला मात्र तिला एकटीला सोडावं लागतं, आणि ते मनाला फार लागतं. सुट्टीचे सहा आठवडे आहेत, त्यातले दोन भारतात जातील. ज्यांची मुलं यातून गेली आहेत त्यांनी सांगाल का, काय वाचून घ्यावं, कुठून सुरुवात करावी आणि आम्हाला घरी काय करता येईल?


प्रेषक: नि. पा., मिल्टन कीन्स
६ जुलै

ताई, आमचा मुलगा नुकताच इयर इलेव्हन संपवून बाहेर पडला, म्हणून लगेच लिहितो.

एक म्हणजे, प्रत्येक शाळेची पुस्तकं वेगळी असतात, आणि एकाच बोर्डाच्या दोन शाळांतही फरक असतो. त्यामुळे कुठली आवृत्ती वर्गात वापरणार ते विचारा आणि तीच घ्या, म्हणजे पान क्रमांक जुळतात. कवितांचं पुस्तक विकत घेऊ नका, ते शाळाच देते. शेक्सपिअर आणि डिकन्स इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात, पण मुलांना समासात खुणा करता येतील अशी कागदी प्रत हवीच. दुसरं, प्रत्येक पुस्तकाचं एक गाइड घ्या आणि सुट्टीतच वाचून घ्या. प्रत्येक पात्राची दहा अवतरणं कार्डांवर लिहून पाठ करून घ्या. सप्टेंबरपासून ट्यूटर मिळणं कठीण होतं, तेव्हा आत्ताच बोलून ठेवा.


प्रेषक: सु. जो., लेस्टर
७ जुलै

मृ., तुझं पत्र वाचून राहवलं नाही. निवृत्त होईपर्यंत मी इथल्या सरकारी शाळांत इंग्लिशच शिकवत होते, तेव्हा जरा सविस्तर लिहिते. चालवून घे.

मिल्टन कीन्सहून आलेला आवृत्तीचा सल्ला अगदी योग्य आहे. गाइडबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे, आणि ते ठाम आहे. गाइड म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी वाचन. ते इयर इलेव्हनच्या जानेवारीत, उजळणीला, उपयोगी पडतं. या सुट्टीत ते हातात दिलंस तर पोरीचं स्वतःचं पहिलं वाचन होणारच नाही, आणि पहिलं वाचन एकदाच करता येतं.

परीक्षा काय मागते ते बघ. पहिला पेपर पावणेदोन तासांचा, ६४ गुणांचा. त्यात शेक्सपिअर आणि एकोणिसाव्या शतकातली कादंबरी. दुसरा सव्वादोन तासांचा, ९६ गुणांचा. त्यात आधुनिक नाटक किंवा कादंबरी, संचातल्या कविता आणि आधी कधीच न पाहिलेल्या कविता. पुस्तक आत नेता येत नाही. पहिल्या पेपरात एक उतारा छापून देतात. त्यावरून सुरुवात करायची आणि मग सबंध कृतीबद्दल लिहायचं. ज्यानं पुस्तक आरंभापासून शेवटापर्यंत वाचलेलं नाही त्याला तो उतारा कुठला, त्याच्याआधी काय झालं, हेच उमगत नाही. माझ्या वर्गात दरवर्षी अशी मुलं असत. अवतरणं तोंडपाठ, पण बँकोचं भूत आधी येतं की लेडी मॅकबेथ झोपेत चालते ते आधी, हे विचारलं की गप्प.

म्हणून सुट्टीचं काम एकच: तिन्ही पुस्तकं एकदा पूर्ण, गोष्ट म्हणून, आणि शक्यतो मोठ्यानं वाचायची. घरातल्या सगळ्यांनी.

सुरुवात मॅकबेथनं करू नका. ॲन इन्स्पेक्टर कॉल्स आधी घ्या. पात्रं सातच, सगळं नाटक एका घरात, एकाच संध्याकाळी घडतं आणि भाषा आजच्या बोलण्याच्या जवळची आहे. पात्रं वाटून घेऊन वाचलं तर एका बैठकीत होतं. प्रीस्टली ब्रॅडफर्डचा, पहिल्या महायुद्धात लढून आलेला. नाटक त्यानं १९४५ साली लिहिलं, पण घडवलं १९१२ मध्ये, आणि अख्खी किल्ली इथेच आहे. पहिल्या अंकात घराचा मालक, कारखानदार मिस्टर बर्लिंग ऐटीत सांगतो की युद्ध होणार नाही आणि टायटॅनिक बुडणं शक्य नाही. समोरचा प्रेक्षक दोन महायुद्धं सोसून बसलेला. इथे थांबून लेकीला विचार, लेखकानं या माणसाला सुरुवातीलाच एवढं बोलू का दिलं असेल? तिचं जे उत्तर येईल ते वहीत लिहून ठेवायला सांग, चुकीचं वाटलं तरी. बर्लिंगच्या कारखान्यातल्या ईव्हा स्मिथला कामावरून काढतात ते आठवड्याला साडेबावीस शिलिंगांऐवजी पंचवीस मागितले म्हणून. ज्या घरांनी मुंबईच्या गिरण्यांचा १९८२चा संप पाहिला किंवा ऐकला, त्या घरांना हा प्रसंग कुणी समजावून द्यावा लागत नाही. नवऱ्याला सांग, हे तिच्याशी बोलायला.

मग ख्रिसमस कॅरल. त्याचे पाच भाग आहेत. रोज एक, अशा पाच संध्याकाळी पुऱ्या. डिकन्सची वाक्यं लांब असतात आणि डोळ्यांनी वाचताना मुलं मध्येच हरवतात. आवाजात वाचलं की तीच वाक्यं सुटी होतात. १८५३ पासून डिकन्स स्वतः हे पुस्तक लोकांसमोर वाचून दाखवत असे. पार्श्वभूमी म्हणून दोनच गोष्टी पुरेत. १८३४च्या कायद्यानं गरिबांना मदत हवी असेल तर वर्कहाउसमध्ये (कामाच्या बदल्यात राहण्या-खाण्याची सोय देणाऱ्या गृहात) जा, असा दंडक आला. नवरा-बायको, आई-मुलं तिथे वेगळी ठेवत. दुसरी त्याच्या घरातली: १८२४ साली त्याचे वडील कर्जापायी मार्शलसीच्या तुरुंगात गेले आणि बारा वर्षांचा चार्ल्स बुटाच्या काळ्या पॉलिशच्या कारखान्यात बरण्यांना लेबलं चिकटवत होता. धर्मादाय वर्गणी मागायला आलेल्यांना गोष्टीतला कंजूष स्क्रूज जेव्हा 'तुरुंग नाहीत का, वर्कहाउसं नाहीत का' असं विचारतो, तेव्हा त्या प्रश्नामागे हा मुलगा उभा आहे. पुस्तक १९ डिसेंबर १८४३ला आलं आणि पहिल्या सहा हजार प्रती नाताळच्या आत संपल्या.

तिसरं मॅकबेथ. शेक्सपिअरच्या शोकांतिकांतलं सगळ्यात आखूड, साधारण १६०६चं. आदल्या वर्षी पार्लमेंट उडवायचा दारूगोळ्याचा कट उघडकीला आला होता आणि गादीवरच्या जेम्स राजानं चेटकिणींवर स्वतः ग्रंथ लिहिला होता. राजहत्या आणि चेटूक हे त्या प्रेक्षकाच्या उशाशी असलेलं भय होतं. पहिल्या वाचनात प्रत्येक शब्द कळायचा हट्ट नको. कान उघडे ठेवायला सांग. चेटकिणी बोलतात तेव्हा टाळी वाजवून बघा. ठोका पहिल्या अक्षरावर पडतो, ओळी तोकड्या, यमकं लागोपाठच्या ओळींत. राजे-सरदार बोलतात त्या ओळी लांब, बिनयमकाच्या, आणि ठोका दुसऱ्या अक्षरावर. आपली वृत्तं लघु-गुरूंवर आणि मात्रांवर चालतात, त्यांची आघातावर. पण ज्यानं शाळेत भुजंगप्रयाताचा लगक्रम पाडला आहे त्याला हा फरक लगेच ऐकू येतो. शेवटच्या अंकात लेडी मॅकबेथ झोपेत चालते तेव्हा ती छंदात बोलतच नाही, तुटक गद्यात बोलते. ज्या बाईनं पहिल्या अंकात अशा भारदस्त ओळी म्हटल्या, तिच्याकडून छंदच निसटलाय. हे मुलीच्या स्वतःच्या कानांनी टिपलं तर ती ते कधी विसरणार नाही.

आता तुझा खरा प्रश्न: 'आम्ही काय करणार?' अगं, दहावीला तुम्ही कवितेचं रसग्रहण लिहिलंत ना? कवी काय म्हणतो, ते कोणत्या प्रतिमांतून म्हणतो, शब्दांची निवड, नाद, तुला त्यातलं काय भावलं? न पाहिलेल्या कवितेच्या प्रश्नाला इथे हेच लागतं. आणि संदर्भासहित स्पष्टीकरण? कोण, कुणाला, केव्हा म्हणालं आणि त्याचं महत्त्व काय? उताऱ्याच्या प्रश्नाचा पाया तोच. इथल्या मुलांना एक गोष्ट मात्र वेगळी शिकावी लागते. अलंकाराचं नाव सांगून भागत नाही, त्या उपमेनं वाचणाऱ्यावर काय परिणाम होतो ते सांगावं लागतं. तेव्हा लेकीनं 'इथे उपमा आहे' म्हटलं की तू 'बरं, मग?' एवढंच विचार. हा प्रश्न मराठीत विचारलास तरी चालेल, आणि तिनं मराठीत उत्तर दिलं तरी चालेल.

एक गोष्ट गाइडांत सहसा मिळत नाही, आणि आपल्या घरांत तिची उणीव असते. आपल्या मुलांना कर्ण माहीत असतो, कैकेयी माहीत असते, पण केन आणि एबल, जूडस, गुड समॅरिटन, पूर्वेकडचे तीन ज्ञानी, मेड्युसा, नेपच्यून हे माहीत नसतात. इंग्लिश लेखक ते गृहीत धरतो. मॅकबेथच्या दुसऱ्याच प्रवेशात जखमी शिपाई गोल्गोथाचं नाव घेतो, म्हणजे जिथे येशूला क्रुसावर दिलं ती टेकडी. खून केल्यावर मॅकबेथ समुद्रदेव नेपच्यूनच्या समुद्राबद्दल बोलतो. मेलेला राजा पाहून आलेला मॅकडफ म्हणतो की आत नवी गॉर्गन आहे, म्हणजे मेड्युसासारखी, जिच्याकडे पाहणारा दगड होतो अशी राक्षसी. ख्रिसमस कॅरलमधल्या मार्लेच्या भुताला ज्ञानी माणसांना वाट दाखवणारा तारा आठवतो. लायब्ररीतून मुलांसाठी लिहिलेल्या बायबलमधल्या गोष्टींचं एक पुस्तक आणि ग्रीक पुराणकथांचं एक पुस्तक आणा. दोन्ही विमानात वाचून होतील. ज्या मुलीनं ही दोन वाचली तिला पुढे ए लेव्हललाही (जीसीएसईनंतरच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमालाही) त्यांचा उपयोग होईल.

तिच्या त्या जाडजूड मालिका चालू राहू देत. रोज तासभर एका जागी बसून वाचायची सवय ज्या पुस्तकानं लागते ते पुस्तक चांगलंच.


प्रेषक: अ. रा., ग्लासगो
७ जुलै

काकूंचं पत्र जपून ठेवलं आहे. मराठी पालकांच्या या पत्रयादीत आम्ही स्कॉटलंडवालेही आहोत म्हणून थोडी भर. इकडे जीसीएसई नाही, नॅशनल फाइव्ह असतं, आणि भाषा व साहित्य असे दोन वेगळे विषय नसतात, एकच इंग्लिश. त्यात स्कॉटिश लेखकांच्या नेमलेल्या साहित्यावर एक भाग सक्तीचा आहे. नॉर्मन मॅकेग, जॅकी के यांच्या कविता मुलं यातूनच वाचतात. सुट्टीही जूनच्या अखेरीस सुरू होऊन ऑगस्टच्या मध्यात संपते, तेव्हा इंग्लंडमधल्या नातेवाइकांचं वेळापत्रक जसंच्या तसं उचलू नका.

ज्यांच्या शाळेत कादंबरी म्हणून जेकिल अँड हाइड आहे त्यांनी सुट्टीत एडिनबरोला चक्कर मारावी. गोष्ट लंडनमध्ये घडते, पण १८८६ साली छापून आलेली ही गोष्ट लिहिणारा स्टीव्हन्सन एडिनबरोचा. तिथलाच विल्यम ब्रोडी नावाचा एक प्रतिष्ठित सुतार-कारागीर, नगर परिषदेचा सदस्य, जेकिलसारखाच दुहेरी आयुष्य जगत रात्री घरफोड्या करायचा. १७८८ला त्याला फाशी झाली. त्याच्या हातचं एक कपाट लहानपणी स्टीव्हन्सनच्या खोलीत होतं, आणि ते आज रायटर्स म्युझियममध्ये पाहता येतं. प्रवेश फुकट आहे. आमच्या मुलानं ते पाहिलं आणि घरी येताना गाडीत बसल्या बसल्या पुस्तक पुन्हा उघडलं.


प्रेषक: ई. (इयर ट्वेल्व्ह), कॉव्हेंट्री
८ जुलै

नमस्कार. आईनं सांगितलं म्हणून लिहिते आहे. मी मागच्या वर्षी ही परीक्षा दिली आणि आता ए लेव्हलला लिटरेचरच घेतलंय. (मराठी टाइप करताना काही चुकलं असेल तर आईनं तपासलंय.)

कवितांबद्दल कुणी फार बोललं नाही, म्हणून तेवढंच सांगते. एक्यूएच्या संचांत प्रत्येकी पंधरा कविता असतात. तुमच्या शाळेचा संच कुठला ते आधी विचारा. परीक्षेत त्यातली एक छापून देतात आणि तिची तुलना दुसऱ्या एकीशी करायची असते, ती दुसरी आठवणीतून. म्हणजे काही कविता खरंच पाठ असाव्या लागतात. मी सुट्टीत आठवड्याला एक पाठ केली. कार्डांवरची सुटी अवतरणं मी दोन दिवसांत विसरायचे, पण पूर्ण कविता पाठ असली की हवा तो तुकडा आपोआप सापडतो. आणि अवतरण लांब नको. दोन-तीन शब्द पुरतात, पण त्या दोन शब्दांबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ असलं पाहिजे.

इम्तियाज धारकर यांच्या कविता जरूर वाचा. पॉवर अँड कॉन्फ्लिक्ट आणि वर्ल्ड्स अँड लाइव्ह्ज या दोन्ही संचांत त्यांची एकेक कविता आहे. त्या लाहोरला जन्मल्या, ग्लासगोत वाढल्या आणि लंडन-मुंबई अशा दोन्हीकडे राहत आल्या आहेत. धारावीत पाण्याचा पाइप फुटतो आणि सगळी वस्ती भांडी घेऊन धावते, अशी त्यांची एक कविता आहे, ब्लेसिंग नावाची. ती आता माझ्या अभ्यासात नव्हती, मला लायब्ररीत सापडली. तोपर्यंत मला वाटायचं की इंग्लिश कविता म्हणजे डॅफोडिल्स आणि धुकं. ती वाचली आणि मला पहिल्यांदा वाटलं की या विषयात माझ्यासाठी जागा आहे.

भारतात जाल तेव्हा एक करा. मी मॅकबेथची सगळी गोष्ट आजीला मराठीत सांगितली. ती मध्ये मध्ये विचारायची, 'पण त्याला नको होतं तर त्यानं मारलं का?' आणि मला थांबून विचार करायला लागायचा. माझ्या परीक्षेतल्या निबंधाचा मुद्दा तिथेच तयार झाला.


प्रेषक: द. गो., हॅरो
८ जुलै

ई., बाळा, तुझं पत्र वाचून फार आनंद झाला.

मृ.ताई, आईवडिलांनी मॅकबेथपाशी पोचायचं तर आपल्या भाषेतूनही रस्ता आहे. कुसुमाग्रजांनी, म्हणजे वि. वा. शिरवाडकरांनी १९५४ साली मॅकबेथवरून राजमुकुट लिहिलं. त्याच्या कितीतरी आधी शिवराम महादेव परांजप्यांनी त्यावरूनच मानाजीराव केलं होतं. विंदांचं राजा लिअर १९७४चं. माझ्याकडे राजमुकुटची प्रत आहे, लंडनमध्ये कुणाला हवी असेल तर नेऊन देईन. मुलीच्या आधी तुम्ही दोघांनी ते वाचा. मग ती अडली की गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल, आणि इंग्रजी ओळ तिनं तुम्हाला समजावून सांगायची. शिकवण्याचा हा उलटा मार्ग आमच्या घरी फार उपयोगी पडला.

काकूंनी बायबलचा मुद्दा काढला म्हणून आठवलं. ज्या १६१६ साली शेक्सपिअर वारला, त्याच साली गोव्यात राशोलला फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण छापून निघालं. शेक्सपिअरच्याच काळातला हा इंग्लिश माणूस १५७९ला गोव्यात आला, मराठी शिकला, आणि बायबलच्या कथा त्यानं ओव्यांत लिहिल्या. मुलांना हे सांगा. या दोन भाषांची गाठ त्यांच्या जन्माच्या कितीतरी आधी पडली आहे, हे त्यांना कळू दे.

ज्यांना जमेल त्यांच्यासाठी लंडनचा एक दिवस: दुपारी ग्लोब थिएटरला उभ्याचं तिकीट काढायचं, तेच सगळ्यात स्वस्त असतं. डोक्यावर छप्पर नसतं, तेव्हा रेनकोट न्या; छत्री उघडू देत नाहीत. कोणतंही नाटक लागलेलं असो, नटांचा आवाज ऐकला की मुलांची भीती अर्धी होते. नंतर पंधरा-वीस मिनिटं चालत बरो स्टेशनकडे जा. सेंट जॉर्ज चर्चच्या बाजूच्या गल्लीत मार्शलसी तुरुंगाची एक भिंत अजून उभी आहे. डिकन्सचे वडील जिथे होते तीच जागा.


प्रेषक: नि. पा., मिल्टन कीन्स
९ जुलै

काकू, तुमचं म्हणणं पटलं. धाकटी अजून इयर एटमध्ये आहे, तिच्या वेळी गाइड कपाटातच राहील. मुलानं खुणा केलेल्या तिन्ही पुस्तकांच्या प्रती आमच्याकडे पडून आहेत. मृ.ताई, हव्या असतील तर पोस्टानं पाठवतो, पण मला वाटतं तुमच्या लेकीला कोऱ्या प्रतीच बऱ्या.


प्रेषक: मृ. का., रेडिंग
१० जुलै

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री सगळी पत्रं लेकीला वाचून दाखवली. ई.चं पत्र तिनं माझ्याकडून फोन घेऊन पुन्हा वाचलं आणि ब्लेसिंग कविता शोधून काढली. हो दादा, कोऱ्याच प्रती घेतो आहोत. द. गो. काका, राजमुकुटची प्रत मला हवी आहे, पुढच्या आठवड्यात मी हॅरोला येणारच आहे.

शनिवार २६ जुलैला दुपारी तीन वाजता आमच्या घरी ॲन इन्स्पेक्टर कॉल्सचं वाचन करायचं ठरवलं आहे. रेडिंग, स्लाउ, मेडनहेडकडची इयर नाइन-टेनची मुलं आणि पालक, सगळ्यांना बोलावणं आहे. नाटक संपलं की जेवण, मी पिठलं-भाकरी करते आहे. लेक शीला वाचणार, नवरा मिस्टर बर्लिंग, इन्स्पेक्टर सु. काकू लेस्टरहून येऊन वाचणार आहेत, याचा आम्हाला फार आनंद आहे. मिसेस बर्लिंग मी. जेरल्ड स्लाउच्या एका मुलानं मागून घेतला आहे. एरिक आणि मोलकरीण एडना अजून कुणी घेतलेले नाहीत. एडनाला मोजकीच वाक्यं आहेत, तेव्हा मोठ्यानं वाचायला बुजणारं कुणी मूल असेल तर त्याच्यासाठी ती ठेवली आहे. येणाऱ्यांनी गुरुवारपर्यंत कळवा, म्हणजे प्रती किती लागतील ते लायब्ररीत सांगता येईल.